मराठी नाट्यगृहातील दांपत्य-प्रेक्षक : एक सामाजिक-ऐतिहासिक अभ्यास (१८८० ते १९७०)

प्रास्ताविक

मराठी रंगभूमीचा इतिहास प्रामुख्याने नाटककार, नट, नाटक मंडळ्या आणि संहिता यांच्या अनुषंगाने लिहिला गेला आहे. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगली येथे 'सीता स्वयंवर' सादर केले, अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले, हे टप्पे अभ्यासकांना मुखोद्गत असतात. त्या मानाने रंगमंचासमोर बसणाऱ्या माणसांकडे फारसे लक्ष गेलेले नाही. श्री. ना. बनहट्टी यांच्या 'मराठी रंगभूमीचा इतिहास' (१९५७) या पायाभूत ग्रंथाचा रोख स्वाभाविकपणे मंडळ्या व त्यांचे खेळ यांवर आहे. पुढे नीरा आडारकर यांनी १९९१ मध्ये आणि मीरा कोसंबी यांनी २०१५ मध्ये स्त्रियांच्या अंगाने या इतिहासाची फेरमांडणी केली, तेव्हा प्रेक्षागृहातील स्त्रीचा प्रश्नही चर्चेत आला.

प्रस्तुत लेखाचा विषय याहून मर्यादित आहे. पती आणि पत्नी दोघेच घराबाहेर पडतात, तिकिटे काढतात, शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसून नाटक पाहतात किंवा गाणे ऐकतात आणि सोबतच घरी परततात, या गोष्टीत आज कोणाला विशेष वाटत नाही. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मध्यमवर्गीय मराठी घरात मात्र यातील प्रत्येक पायरी अवघड होती. ही वाट कशी मोकळी झाली, याचे उत्तर सामान्यतः समाजसुधारणेच्या चळवळीत शोधले जाते. ते चुकीचे नसले तरी अपुरे आहे. आसनव्यवस्था, खेळाची वेळ आणि नाट्यगृहाची जागा या तीन व्यावहारिक बाबींनी भाषणांपेक्षा अधिक काम केले, असे येथे दाखवावयाचे आहे. शिवाय दांपत्याच्या या सभ्य संध्याकाळीची किंमत दुसऱ्याच एका स्त्रीवर्गाने मोजली होती, हेही नोंदवावयाचे आहे.

पिल हाऊसची वाट

मुंबईत जगन्नाथ शंकरशेट यांच्या पुढाकाराने १८४६ मध्ये ग्रँट रोडचे नाट्यगृह उभे राहिले. भावे यांच्या मंडळीने १८५३ मध्ये तेथे खेळ केले. पुढील काळात याच परिसरात व्हिक्टोरिया, एल्फिन्स्टन, रिपन, बालीवाला अशी नाट्यगृहे दाटीने उभी राहिली आणि 'प्ले हाऊस' या शब्दाचे बोलीत 'पिल हाऊस' होऊन ते साऱ्या वस्तीचेच नाव बनले. या वस्तीला लागूनच कामाठीपुरा होता. गिरगावातील एखादा कारकून मित्रांसह तेथे रात्री जाऊ शकत होता. तो गेला तरी घरात फार तर एखादा टोमणा ऐकावा लागे. मात्र त्याच रस्त्याने त्याने पत्नीला सोबत नेणे ही त्याच्या एकट्याच्या अखत्यारीतील गोष्ट नव्हती. पुण्यात अंतरे लहान होती, परंतु तेथील पेठांमध्ये ओळखीच्या नजरा अधिक होत्या.

त्याहून मोठी अडचण घरातच होती. एकत्र कुटुंबात वडीलधाऱ्यांसमोर पती-पत्नींनी एकमेकांशी बोलणेही संकोचाचे मानले जाई. न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्या प्रतिष्ठिताच्या घरातही पत्नीच्या शिक्षणावरून घरातील वडील स्त्रियांनी किती छळ मांडला होता, याचे वर्णन रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) या पुस्तकात सविस्तर आले आहे. जेथे दिव्याजवळ बसून वाचणे हाही अपराध ठरत होता, तेथे दोघांनी मिळून रात्री नाटकाला जाणे किती कठीण असेल, याची कल्पना करता येते. नवऱ्याची इच्छा असली तरी ती पुरेशी नव्हती. परवानगी सासूची लागे.

स्वतंत्र सोय

असे असूनही स्त्रिया नाटकाला येत होत्या. किर्लोस्कर मंडळीच्या संगीत नाटकांनी त्यांना येण्यास एक सबब मिळवून दिली. 'शाकुंतल' आणि त्यामागोमाग नोव्हेंबर १८८२ मध्ये आलेले 'सौभद्र' या दोहोंची कथा घराघरांत परिचित होती. पुराणकीर्तनाला जाणाऱ्या स्त्रीने सुभद्रेचे लग्न पाहावयास जाणे यात आक्षेपाला फारशी जागा उरत नव्हती. 'सौभद्रा'तील कृष्ण, बलराम आणि अर्जुन हे तर मराठी घरातील मेहुणे-भाऊजींसारखेच बोलतात. या घरगुतीपणानेही नाटकाचा धाक कमी केला असावा.

नाटक मंडळ्यांनी दुसरी तजवीज केली ती आसनांची. स्त्रियांसाठी वेगळी जागा राखलेली असे आणि जाहिरातींत तिचा आवर्जून उल्लेख होई. या वेगळ्या जागेतही पुन्हा भेद होता. 'कुलीन स्त्रिया' आणि 'वेश्या' किंवा 'नायकिणी' यांच्या बैठका निरनिराळ्या ठेवल्या जात. म्हणजे प्रेक्षागृहाचे पुरुष व स्त्रिया असे दोन भाग नव्हते, तीन भाग होते. 'कुलीन' या शब्दाला अर्थ येण्यासाठी तिसऱ्या भागाची गरज होती. आपली बायको कोठे बसली आहे हे जितके महत्त्वाचे, तितकेच ती कोणाशेजारी बसलेली नाही हे महत्त्वाचे होते.

परिणामी पती-पत्नी एकाच नाटकाला येत, पण ते एकत्र पाहत नसत. दारापाशी त्यांची ताटातूट होई. तिच्या शेजारी नणंद, जाऊ, शेजारीण आणि मांडीवर मूल असे, तर त्याच्या शेजारी कचेरीतील स्नेही असत. विनोदाला पुरुषांच्या बाजूने हशा उठे तेव्हा स्त्रियांच्या बाजूने पदर तोंडाला लागत. खेळाबद्दल दोघांना काही बोलावयाचे असलेच, तर ते घरी परतल्यावर आणि आपल्या खोलीचे दार लागल्यावर.

या स्वतंत्र बैठकीकडे केवळ बंधन म्हणून पाहण्याचा मोह आधुनिक अभ्यासकाला होतो. तथापि तिच्याशिवाय सासूने सुनेला पाठविलेच नसते, हेही लक्षात घेतले पाहिजे. ज्या व्यवस्थेने दांपत्याला वेगळे बसविले, त्याच व्यवस्थेने पत्नीला नाट्यगृहाच्या आत आणले. आत आलेली स्त्री पुढे स्वस्थ बसली नाही. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'बायकांचे बंड' (१९०७) या नाटकाला गिरिजाबाई केळकर यांनी 'पुरुषांचे बंड' हे नाटक लिहून उत्तर दिले आणि १९२८ मध्ये त्या नाट्यसंमेलनाच्या पहिल्या स्त्री-अध्यक्ष झाल्या. पदराआडून नाटक पाहणाऱ्या पिढीतीलच ही स्त्री होती.

गंधर्वांचे गाणे आणि तिसऱ्या बैठकीतील स्त्री

नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व (१८८८–१९६७) यांनी १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत प्रवेश केला आणि १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी स्थापन झाली. यानंतरची सुमारे पंधरा वर्षे हा या विषयातील सर्वांत महत्त्वाचा कालखंड होय.

बालगंधर्वांची लुगडे नेसण्याची, अंबाड्यावर गजरा माळण्याची, दागिने घालण्याची रीत घरंदाज स्त्रियांनी उचलली, ही गोष्ट पुष्कळदा कौतुकाने सांगितली जाते. तिच्यातील विलक्षणपणा मात्र सांगताना निसटतो. घरंदाज स्त्री कशी दिसावी, कशी लाजावी, कशी रुसावी याचा नमुना एका पुरुषाने घालून दिला आणि तो पती व पत्नी या दोघांनीही मान्य केला. रंगमंचावरील भामिनी किंवा रुक्मिणी पाहून पुरुषांच्या बाजूला बसलेला पती आपल्या पत्नीविषयी एक अपेक्षा घेऊन उठे. स्त्रियांच्या बाजूला बसलेली पत्नीही तीच अपेक्षा घेऊन उठे. समोर खरी स्त्री नसल्यामुळेच हे निर्वेधपणे घडू शकले. पतीने परस्त्रीकडे टक लावून पाहिले असा ठपका कोणी ठेवू शकत नव्हते, आणि पत्नीलाही मत्सराचे कारण नव्हते.

गाण्याच्या बाबतीत ही गोष्ट अधिकच स्पष्ट होते. 'मानापमान' (१९११) या नाटकाला गोविंदराव टेंबे यांनी चाली दिल्या. त्यांतील अनेक चाली उत्तरेकडील ठुमरी-कजरीच्या वळणाच्या होत्या. 'स्वयंवर' (१९१६) साठी भास्करबुवा बखले यांनी ख्यालाच्या बंदिशींचे भांडार खुले केले. ठुमरी आणि कजरी हे प्रकार जोपासले होते ते मुख्यतः गाणाऱ्या व्यावसायिक स्त्रियांनी, म्हणजेच ज्या स्त्रियांना नाट्यगृहात तिसऱ्या बैठकीत बसविले जाई त्यांच्याच वर्गाने. यजमानाने त्यांच्या बैठकीला एकट्याने जावे, ही रीत समाजाने अर्धवट डोळे मिटून चालवून घेतली होती. पत्नीला ते गाणे ऐकण्याचा मार्ग नव्हता. तेच गाणे शालू नेसलेल्या ब्राह्मण नटाच्या गळ्यातून, पौराणिक नायिकेच्या मुखी, नाटकाच्या तिकिटावर मिळू लागले तेव्हा ते पवित्र झाले. पती जे बाहेर ऐकत होता आणि पत्नीने जे ऐकावयाचे नव्हते, ते दोघांनी एका छपराखाली ऐकण्याची सोय संगीत नाटकाने केली. मराठी घरांत पुढे नाट्यपदे पाळण्याजवळ आणि स्वयंपाकघरात गुणगुणली जाऊ लागली, त्याचे मूळ येथे आहे. या व्यवहारात मूळ गायिकेला काय मिळाले, हा प्रश्न त्या काळी फारसा कोणी विचारला नाही.

गोविंद बल्लाळ देवल यांचे 'संशयकल्लोळ' या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. देवलांनी ते प्रथम १८९३ मध्ये गद्य स्वरूपात लिहिले होते. पदांसह ते गंधर्व मंडळीने १९१६ मध्ये रंगभूमीवर आणले. रेवती ही नायकिणीच्या घरातील मुलगी अश्विनशेटच्या प्रेमात आहे. रस्त्यात तिला मूर्च्छा येते, फाल्गुनराव तिला सावरतो, आणि ते दृश्य पाहून त्याची पत्नी कृत्तिका संशयाने पेटते. एक तसबीर या हातातून त्या हातात जाते आणि चौघांचेही डोके फिरते. प्रहसन म्हणून हे नाटक आजही हसविते. तथापि त्या काळच्या प्रेक्षागृहाची रचना डोळ्यांसमोर आणली म्हणजे त्यातील हशा थोडा वेगळा ऐकू येतो. पतीने गाणाऱ्या मुलीकडे पाहिले का, हा कृत्तिकेचा प्रश्न स्त्रियांच्या बैठकीतील कित्येकींचा होता. ज्याला तो विचारावयाचा तो समोरच्या बाजूला, चार रांगा पुढे, खो खो हसत होता. आणि रेवतीच्या वर्गातील स्त्रिया त्याच छपराखाली बसून आपल्यावरचे हे नाटक पाहत होत्या. त्यांना ते किती हसवीत असेल?

'एकच प्याला' (१९१९) या नाटकाने वेगळीच गोष्ट केली. दारूने बुडालेल्या सुधाकराची पत्नी सिंधू, फाटक्या लुगड्यातील बालगंधर्व, आणि स्त्रियांच्या बाजूने येणारे हुंदके यांची वर्णने पुष्कळ झाली आहेत. पतीला नाटकाला घेऊन जाण्यात पत्नीचा हेतू असू शकतो, अशी कल्पना येथे प्रथमच सुचते. घरी जे बोलता येत नाही ते सिंधूने त्याच्यासमोर सोसून दाखवावे!

खेळ किती वाजता सुटतो?

संगीत नाटक रात्री नऊ-दहाच्या सुमारास सुरू होई आणि 'वन्स मोअर'च्या गजरात पहाटेपर्यंत लांबे. गाण्याच्या रसिकाला यात पर्वणी वाटे, पण दांपत्याच्या दृष्टीने ही लांबीच सर्वांत मोठा अडसर होती. मुलांना कोणापाशी ठेवावे, पहाटे तीनला टांगा कोठे मिळावा, सकाळी चूल कोणी पेटवावी आणि कचेरी कशी गाठावी, हे प्रश्न सुधारकांच्या लेखांत क्वचितच भेटतात. पत्नीसह नाटकाला जाणे हा वर्षातून एकदोनदा घडणारा सोहळा राहिला, तो मुख्यतः यामुळे.

मुंबईत जागेचा प्रश्न आधी सुटू लागला. गिरगावचे रॉयल ऑपेरा हाऊस विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सुरू झाले. पुढे मराठी संगीत नाटके तेथे होऊ लागली, तेव्हा चाळीतून पायी जाता येईल अशा अंतरावर आणि पिल हाऊसच्या बाहेर एक नाट्यगृह मिळाले. १९२५ पासून विजेवरील लोकलगाड्या धावू लागल्या आणि दादर-माटुंग्याकडे सरकलेल्या कुटुंबांना परतीची खात्री मिळू लागली. ८ जुलै १९२१ रोजी बालीवाला नाट्यगृहात टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या संयुक्त 'मानापमान'ने तर नाटकाला जाणे हे देशकार्य करून टाकले. बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांना एकत्र पाहण्यासाठी जो जमाव लोटला, त्याला मनोरंजनाची सबब देण्याची गरजच उरली नाही.

वेळेचा प्रश्न मात्र चित्रपटाने सोडविला. १९३१ मध्ये 'आलम आरा' आणि १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' आल्यानंतर अडीच-तीन तासांचा, ठरलेल्या घटकेला सुरू होऊन ठरलेल्या घटकेला सुटणारा खेळ लोकांच्या अंगवळणी पडला. बोलपटाने मराठी रंगभूमी मारली, असे म्हणण्याची प्रथा आहे. नाटक मंडळ्यांच्या बाबतीत ते खरेही आहे. मात्र संध्याकाळी बाहेर पडून जेवणाच्या वेळेला घरी येण्याची सवय दांपत्याला लागली ती चित्रपटामुळे, आणि तीच सवय पुढे नाटकाच्या उपयोगी पडली.

१ जुलै १९३३ रोजी नाट्यमन्वंतर या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक मुंबईत सादर केले. नॉर्वेचा नाटककार ब्यर्नसन याच्या नाटकावरून श्री. वि. वर्तक यांनी ते रचले होते. आटोपशीर लांबी, वास्तव नेपथ्य, मोजकी गाणी आणि स्त्रीभूमिकांत स्त्रिया ही त्याची वैशिष्ट्ये पाठ्यपुस्तकांत नोंदलेली असतात. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यात आणखी दोन गोष्टी आहेत. पहिली, विवाहापूर्वीच्या शुद्धतेची अपेक्षा वधूकडून असेल तर ती वराकडूनही का असू नये, हा त्या नाटकाचा प्रश्न. तो प्रश्न पती-पत्नींनी एकत्र ऐकण्याचा आहे. दुसरी गोष्ट अशी की या प्रयोगामागे दांपत्येच उभी होती. ज्योत्स्ना भोळे यांनी भूमिका केली, केशवराव भोळे यांनी संगीत सांभाळले आणि नाटककाराच्या पत्नी पद्माबाई वर्तक याही रंगमंचावर आल्या. नवरा जिला सोबत घेऊन आला आहे अशी स्त्री रंगमंचावर उभी राहिल्यानंतर, नवऱ्यासोबत प्रेक्षागृहात बसणाऱ्या स्त्रीला नावे ठेवणे कठीण झाले.

मो. ग. रांगणेकर यांच्या नाट्यनिकेतनने १९४० नंतरच्या दशकात या प्रयोगाचा व्यवसाय करून दाखविला. त्यांच्या नाटकांत दिवाणखाना हेच स्थळ असे, गाणी थोडी असत आणि खेळ वेळेवर सुटे. 'कुलवधू' (१९४२) मधील भानुमती चित्रपटात काम करून पतीहून अधिक मिळविते आणि पतीचा अभिमान दुखावतो. ज्योत्स्ना भोळे यांची ही भूमिका गाजली. पुराणातील राजा-राणी जाऊन प्रेक्षागृहातील जोडप्यासारखेच जोडपे समोर आले, आणि भांडणाचा विषयही घरचाच होता. रांगणेकरांना हलकाफुलका नाटककार म्हणून बाजूला सारणाऱ्या समीक्षेने त्यांच्या या प्रेक्षकवर्गाचा विचार केलेला दिसत नाही. मध्यमवर्गीय दांपत्य हा आपला गिऱ्हाईक आहे, हे त्यांनी बहुतेकांच्या आधी ओळखले होते.

मैफलीचे तिकीट

नाटकाच्या तुलनेत गाण्याच्या मैफलीला दांपत्याने एकत्र जाणे उशिरा घडले. मुंबईत गायन उत्तेजक मंडळी (१८७०) आणि पुण्यात गायन समाज (१८७४) यांनी संगीताला संस्थेचे रूप देण्याचा प्रयत्न केला होता. पुढे विष्णु दिगंबर पलुसकर यांनी तिकीट लावून जाहीर गायन करण्याची प्रथा रुजविली आणि बंदिशींतील शृंगारिक शब्द बदलून भक्तिपर शब्द घातले. त्या शब्दबदलाची थट्टा करणे सोपे आहे. परंतु ज्या श्रोत्याच्या शेजारी त्याची पत्नी बसावी अशी त्यांची इच्छा होती, त्या श्रोत्यासाठी तो बदल होता.

तरीही कोंडी फुटली ती हिराबाई बडोदेकर (१९०५–१९८९) यांच्यामुळे. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ आणि ताराबाई माने यांच्या या कन्येने १९२० नंतरच्या दशकात तिकिटावर जाहीर मैफली करण्यास सुरुवात केली. साधी साडी, हातवारे नाहीत, श्रोत्यांशी सलगी नाही, बैठक स्थिर आणि सूर शांत. गाणारी स्त्री म्हणजे अमुकच, हे समीकरण त्यांनी कोणतेही भाषण न करता मोडले. त्यांनी व त्यांच्या भावंडांनी १९२९ च्या सुमारास नाटक मंडळी काढून स्त्रीभूमिका स्त्रियांनीच करण्याचाही प्रयोग केला. तो आर्थिकदृष्ट्या टिकला नाही. मैफल टिकली. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या गोमंतकातील कलावंत परंपरेतून आलेल्या गायिकाही याच काळात मुंबईच्या सार्वजनिक संगीतजीवनात प्रतिष्ठेने स्थिरावल्या.

या यशाची दुसरी बाजू नोंदविणे आवश्यक आहे. हिराबाईंना ऐकण्यास पती-पत्नी एकत्र येऊ शकले, कारण हिराबाईंनी प्रेक्षागृहातील पत्नीसारखे दिसणे पत्करले. तिसऱ्या बैठकीतील स्त्री रंगमंचावर आली, पण तिचे अदा, बोलबनाव आणि नृत्य बाहेरच राहिले. ज्या गायिकांना ही साधेपणाची अट पाळता आली नाही किंवा पाळावयाची नव्हती, त्यांचे श्रोते वर्षागणिक घटत गेले.

प्रेक्षागृहाबाहेर राहिलेले

येथवर ज्या दांपत्याची चर्चा झाली ते पांढरपेशे होते. गिरणगावातील कामगारांपैकी फार मोठा वर्ग कोकणात व घाटावर बायको-मुले ठेवून मुंबईत एकट्याने राहत होता आणि खाणावळीत जेवत होता. परळच्या दामोदर हॉलमध्ये आणि चाळींच्या मैदानात कामगारांची नाटके जोमाने होत. तेथे हौस होती, प्रेक्षक होते, पण दांपत्य क्वचितच होते. त्याची पत्नी गावाकडे जत्रेत दशावतार पाहत होती आणि तो मुंबईत नाटक पाहत होता. दोघांनी एकत्र पाहावे यासाठी आधी दोघांना एका शहरात एक खोली असावी लागते.

पांढरपेशा घरातही खर्चाचा निर्णय बहुधा पतीचा असे आणि कोणते नाटक पाहावे हेही तोच ठरवी. नोकरी करणाऱ्या स्त्रियांची संख्या वाढल्यानंतर यात फरक पडू लागला. मुले सांभाळण्यास मागे राहणाऱ्या सासूचा उल्लेख मात्र रंगभूमीच्या कोणत्याही इतिहासात सापडणार नाही. जिची परवानगी एकेकाळी अडसर होती, तिच्याच भरवशावर पुढे ही संध्याकाळ उभी राहिली.

शिवाजी मंदिर ते रमणबाग

स्वातंत्र्यानंतरची कथा थोडक्यात सांगता येते. गिरगावात साहित्य संघ मंदिर (१९६४), दादरला शिवाजी मंदिर (१९६५), पुण्यात बालगंधर्व रंगमंदिर (२६ जून १९६८) ही नाट्यगृहे वस्तीत, स्थानकाजवळ किंवा बस थांब्याजवळ उभी राहिली. क्रमांक घातलेल्या खुर्च्या, आगाऊ आरक्षणाचा तक्ता, दुपारचा आणि रात्रीचा असे दोन ठरलेले प्रयोग, मध्यंतरातील बटाटेवडा हा नित्यक्रम झाला. आरक्षणाच्या तक्त्यावर शेजारशेजारच्या दोन चौकटींवर फुली मारली जाऊ लागली, तेव्हा स्त्रियांची स्वतंत्र बैठक कोणताही ठराव न होता संपली. १९७२ मध्ये 'सखाराम बाइंडर' आले तेव्हा आक्षेपकांनी केलेल्या गदारोळात कुटुंबाचा कैवार मोठा होता. विजय तेंडुलकरांचे ते नाटक न्यायालयात जिंकले. विवाहसंस्थेबाहेरचे जोडपे रंगमंचावर आणि विवाहित जोडपे समोर, अशी ही गाठ होती. सत्तर वर्षांपूर्वी हीच दोन माणसे निरनिराळ्या बैठकांत बसविली गेली असती.

सवाई गंधर्व महोत्सवाची गोष्ट याच ओघात सांगावयाची. रामभाऊ कुंदगोळकर ऊर्फ सवाई गंधर्व यांनी मराठी रंगभूमीवर स्त्रीभूमिका गाजविल्या होत्या. १९५२ मध्ये त्यांचे निधन झाल्यानंतर पुढील वर्षापासून पुण्यात आर्य संगीत प्रसारक मंडळाने त्यांच्या स्मरणार्थ हा महोत्सव सुरू केला. पुढे तो रमणबागेच्या मैदानावरील मंडपात भरू लागला. रात्रभर चालणाऱ्या या उत्सवात पती-पत्नी शाली, सतरंजी आणि चहाचा थर्मास घेऊन येत. गायिकांच्या घराण्यातून आलेल्या आणि सवाई गंधर्वांच्या शिष्या असलेल्या गंगूबाई हनगल यांना ऐकण्यासाठी ती थांबत आणि उजाडताना घरी परतत. ज्या लांब रात्रीने एकेकाळी पत्नीला घरी ठेवले होते, त्या रात्रीला आता दोघांनी मिळून जागण्याची प्रतिष्ठा आली होती. ध्वनिप्रदूषणाविषयीचे २००० चे नियम आणि २००५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय यांनंतर रात्रभराची ती बैठक राहिली नाही. मैफली दुपारी सुरू होऊ लागल्या, आणि नोकरी करणाऱ्या दांपत्याला पहिल्या गायकासाठी अर्ध्या दिवसाची रजा टाकावी लागू लागली.